भाऊसाहेबांचं ऑफिस कुठं आहे?

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारची भांडी आवरून मी जरा आडवी होणार, तेवढ्यात फाटक वाजलं. पातूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली बाई आणि तिची अठराएक वर्षांची लेक दारात उभ्या. बाईच्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत कागदच कागद. आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीनं तिला माझा पत्ता दिला होता. जठारपेठेत आमच्या गल्लीत, फॉर्म भरून देणारी बाई म्हणून मला थोडंफार नाव पडलंय. नवरा म्हणतो, पाटी लाव आता दारावर.

पाणी दिलं, चहा ठेवला. लेकीला अकोल्यात डी. फार्मसीला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षांचा कोर्स, पुढे औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात काम मिळण्याची आशा. फीमध्ये सवलत बसली. पण गावाहून रोज येणं-जाणं जमत नाही. एसटी दिवसातून दोनदा, त्यातली सकाळची कॉलेजच्या वेळेला जुळत नाही. म्हणजे खोली आली, मेस आली. आमच्या जठारपेठेपासून रणपिसेनगरपर्यंत खोली भाड्याने देणे आहे अशा पाट्या दिसतात, पण भाडं ऐकलं की खेड्यातल्या माणसाचा चेहरा उतरतो.

नेटकॅफेवाल्या पोरानं तिला सांगितलं होतं की पंजाबराव देशमुखांच्या नावानं पैसे मिळतात, त्याचा फॉर्म भरा. बाईनं मला विचारलं की हे देशमुखसाहेब बसतात कुठं? कलेक्टर ऑफिसात, की विद्यापीठात? भेट झाली तर त्यांच्यापुढं हात जोडीन, पोरीची परिस्थिती सांगीन, असा तिचा विचार होता.

मला आधी हसू आलं, मग माझीच मला लाज वाटली. तिनं विचारलं तरी. आपण कुठं विचारतो? मी शिवाजी कॉलेजातून बी.ए. झाले. दर २७ डिसेंबरला भाऊसाहेबांच्या फोटोला हार घातलेला पाहिला, रांगेत उभं राहून पेढा घेतला. त्यापलीकडे जन्म कधी, मृत्यू कधी, एवढंच पाठ. अकोल्यात तर त्यांचं नाव आपण पीकेव्ही या तीन अक्षरांत कोंबून टाकलं. पीकेव्हीत फिरायला जातो, पीकेव्हीचं शिवारफेरीचं बियाणं आणतो. त्यातला पी म्हणजे कोण, हे रिक्षावाल्यालाही सांगावं लागत नाही आणि आपल्यालाही आठवत नाही.

मग त्या दोघींना जे सांगितलं, तेच आज इथं लिहिते.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. पापळच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते, त्यामुळे लहान वयातच मुलाला गाव सोडावं लागलं. एका गावाहून दुसऱ्या गावी, असं करत करत ते अमरावतीच्या हिंदू हायस्कूलपर्यंत पोचले. आज एखादी मुलगी तेल्हाऱ्याहून किंवा बार्शीटाकळीहून अकोल्याला येते तेव्हा तिच्या आईच्या मनात काय कालवाकालव होते ते आपल्याला ठाऊक आहे. राधाबाईंनी तर शंभरावर वर्षांपूर्वी पोराला पाठवलं. ना फोन, ना व्हिडीओ कॉल.

मॅट्रिकनंतर पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. आणि तिथं शिकत असतानाच विलायतेला जायचं ठरलं. साल १९२०. शेतकऱ्याचा मुलगा, विलायत, बॅरिस्टरी! पैसा आणायचा कुठून? शामरावांनी वावर गहाण टाकलं.

हे सांगितल्यावर समोरची बाई चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. कारण तिच्याही घरात आठ दिवस तेच चाललं होतं. नवरा वावर गहाण टाकायला निघाला होता आणि ती आडवी आली होती. वावर एकदा सावकाराकडे गेलं की काय होतं, हे तिनं तिच्या माहेरी पाहिलं होतं. तिचं म्हणणं, गळ्यातली पोत मोडा पण वावराला हात लावू नका. लेक म्हणत होती, मग मी शिकतच नाही.

विलायतेत भाऊसाहेबांचे दिवस काही सुखाचे नव्हते. घरून येणारा पैसा कर्जाचा, तो पुरणार किती? पण अभ्यास जबरदस्त. एडिंबरो विद्यापीठातून ते एम.ए. झाले आणि तिथं संस्कृतच्या संशोधनासाठी त्यांना व्हान्स डनलॉप नावाची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे ऑक्सफर्डची डॉक्टरेट. विषय होता वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास. शिवाय बॅरिस्टर झाले ते वेगळंच. मला नेहमी या गोष्टीचं नवल वाटतं. ज्या काळात वेद कुणी वाचावेत आणि कुणी ऐकूही नयेत याची भांडणं चालू होती, त्या काळात पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा थेट वेदांवर प्रबंध लिहून येतो.

१९२६ मध्ये ते परत आले, अमरावतीला वकिली सुरू केली. कर्ज डोक्यावर होतं. दुसरा एखादा असता तर पाच-दहा वर्षं मुकाट्यानं पैसा कमावला असता. यांनी काय केलं, तर आल्या आल्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. श्रद्धानंद छात्रालय. डिसेंबर १९२६ मध्ये स्वामी श्रद्धानंदांची दिल्लीत हत्या झाली होती, त्यांचं नाव दिलं. खेड्यापाड्यातली मुलं तिथं राहू लागली, आणि सगळ्या जातींची मुलं एकत्र. अस्पृश्य म्हणून गणल्या गेलेल्या घरांतलीसुद्धा. एका छपराखाली झोपणं तर झोपणं, एका पंगतीत जेवणं. १९२७ सालच्या अमरावतीत ही सोपी गोष्ट नव्हती.

शाळा काढण्याच्या आधी वसतिगृह का काढलं असेल, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, गाव सोडून शिकलेल्या माणसालाच हे कळतं. शाळा गावोगावी नसतेच, ती शहरात असते. मास्तर फुकट शिकवतील हो, पण शहरात भाकर कोण देणार? रात्री डोकं कुठं टेकायचं? फी माफ झाली म्हणून पोट माफ होत नाही. गरीबाचं पोर अडतं ते फीच्या पावतीवर कमी आणि मेसच्या डब्यावर जास्त, हे मी इतकी वर्षं फॉर्म भरताना पाहतेय.

त्याच १९२७ साली त्यांनी लग्न केलं. विमलाबाई मुंबईच्या, वैद्यांच्या घरातल्या, जात वेगळी. त्या काळात आंतरजातीय लग्न, तेही वऱ्हाडातल्या देशमुखानं! काय गहजब झाला असेल ते आपण समजू शकतो. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त आवडते. लग्नानंतर विमलाबाई शिकल्या. बी.ए. झाल्या, कायद्याची पदवी घेतली. आणि भाऊसाहेब गेल्यानंतर १९६७ ते १९७२ या काळात राज्यसभेत खासदार होत्या. भाऊसाहेबांच्या जयंतीच्या भाषणांत विमलाबाईंचं नाव एका वाक्यात उरकतात, याचा मला राग आहे. वसतिगृह म्हणजे रोजच्या शेकडो पोळ्या, पीठ, सरपण, आजारी पडलेली पोरं. ज्या घराचा मालक असं वसतिगृह काढतो, त्या घरच्या बाईला त्याची झळ लागतेच. हे आपल्याला कुणी सांगायला नको.

अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह उभा राहिला तोही १९२७ मध्येच, आणि त्यात भाऊसाहेब पुढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या प्रश्नावरच्या परिषदेसाठी अमरावतीला आले होते. पुढे १९२८ मध्ये भाऊसाहेब जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. शिक्षणासाठीचा कर वाढवला. कर वाढवणारा पुढारी लोकांना कधी आवडतो का? पण प्राथमिक शिक्षण फुकट आणि सक्तीचं करायचं तर पैसा आभाळातून पडत नाही, हे त्यांना सांगता येत होतं.

१९३० मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात गेले आणि शिक्षणमंत्री झाले. वय बत्तीसच्या आत. तिथं त्यांनी १९३२ मध्ये हिंदू देवस्थान संपत्तीचं विधेयक आणलं. देवळांमध्ये पडून असलेला पैसा लोकांच्या कामी, शिक्षणाच्या कामी लावावा, असा त्याचा हेतू. केवढा विरोध झाला! ज्यानं वेदांवर डॉक्टरेट घेतली त्यालाच लोक धर्मबुडवा म्हणू लागले. १९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी मध्यप्रांतात कर्ज लवादाचा कायदा झाला, सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला तडजोडीनं सुटका मिळावी म्हणून. त्यामागे भाऊसाहेबांची मेहनत मोठी होती. मला तर त्यात शामरावांचं गहाण पडलेलं वावर दिसतं. हा माझा अंदाज हो, पुस्तकातलं वाक्य नाही.

१९३२ हेच श्री शिवाजी शिक्षण संस्थेचंही साल. आज वऱ्हाडात या संस्थेची शाळा किंवा कॉलेज नाही असा तालुका शोधावा लागेल. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांतली शिकलेली पहिली पिढी शिवाजीचीच. माझ्या माहेरी मी पदवीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी, ती शिवाजीमुळेच. कॉलेज गावाजवळ आलं नसतं तर वडिलांनी मला नागपूरला थोडंच पाठवलं असतं?

पुढचं आयुष्य दिल्लीचं. घटना समितीचे ते सदस्य होते आणि तिथं त्यांनी शेतकरी आणि मागासलेल्या जातींची बाजू सतत मांडली. आरक्षण नावाच्या गोष्टीवर आज टीव्हीवर जी आरडाओरड चालते ती ऐकून मला वाटतं, त्या सभागृहातली ती चर्चा एकदा आपण वाचायला हवी. सरकारची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली होती. ती पुढच्या काही वर्षांत आदिवासींना आणि इतर मागास जातींनाही मिळू लागली. त्या शिष्यवृत्तीत फीबरोबरच निर्वाह भत्ता असतो आणि वसतिगृहात राहणाऱ्याला तो जास्त. म्हणजे सरकारलाही हळूहळू कळलं होतं की पोट माफ होत नाही. १९५० मध्ये मागास जातींचा अखिल भारतीय संघ निघाला, त्याचे अध्यक्ष भाऊसाहेब होते.

१९५२ पासून १९६२ पर्यंत ते केंद्रात मंत्री होते, खातं शेतीचं. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रसार, १९५५ मध्ये भारत कृषक समाज, १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत भरलेलं जागतिक कृषी प्रदर्शन, ज्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. ही सगळी मोठी कामं. पण मला आजच्या विषयाला जवळचं वाटतं ते १९५६ चं एक काम. सरकारनं देशात काही ठिकाणी ग्रामीण संस्था काढल्या, त्यातली एक अमरावतीला भाऊसाहेबांच्या शिवाजी लोकविद्यापीठाकडे आली. तिथं नुसती बी.ए.ची पदवी नव्हती. शेतकी विज्ञानाचा दोन वर्षांचा प्रमाणपत्राचा कोर्स होता, ग्रामसेवेची पदविका होती. म्हणजे शिकून पोरगं हाताला काम घेऊन बाहेर पडेल असं शिक्षण. आज आपण डी. फार्मसी, नर्सिंग, आयटीआय म्हणतो त्याच जातकुळीतलं. वेदांचा पंडित माणूस, पण पोरांना त्यानं वेदच शिका असं सांगितलं नाही.

१० एप्रिल १९६५ ला दिल्लीत भाऊसाहेब गेले. मग अकोल्यात कृषी विद्यापीठ व्हावं म्हणून १९६७ मध्ये मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं गेली. आमच्या सासूबाई त्या दिवसांची आठवण निघाली की अजून गप्प होतात. २० ऑक्टोबर १९६९ ला विद्यापीठ झालं, भाऊसाहेबांच्या नावाचं. तेच आपलं पीकेव्ही.

आता त्या फॉर्मचं सांगते, कारण तुमच्यापैकी कित्येकींच्या घरी हा प्रश्न असणार.

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये आणली. डिग्री-डिप्लोमाच्या व्यावसायिक कोर्सला सरकारी प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, घरापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींसाठी. वडील किंवा आई अल्पभूधारक शेतकरी नाहीतर नोंदणीकृत मजूर असतील तर सुरुवातीला मोठ्या शहरांत वर्षाला तीस हजार आणि बाकी ठिकाणी वीस हजार रुपये ठरले होते. पुढे रक्कम वाढवली गेली, म्हणून त्या त्या वर्षीचा आकडा कॉलेजच्या ऑफिसात विचारून घ्यावा. यात मार्कांची शर्यत नाही. बघायचं ते घरची परिस्थिती. गंमत अशी, की ज्या भाऊसाहेबांनी मागास जातींसाठी आयुष्य घालवलं, त्यांच्या नावाची ही योजना मुख्यतः ज्यांना आरक्षण नाही अशा घरांतल्या मुलांसाठी आहे. इतरांसाठी वेगळ्या आहेत. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयं, ओबीसी-भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार. नावं निरनिराळी, पण गोष्ट तीच, भाकर आणि छप्पर. आयटीआयच्या मुलांना तर वर्षानुवर्षं महिन्याला चाळीस रुपये विद्यावेतन होतं, ते पाचशे करायचं २०२३ मध्ये ठरलं. चाळीस रुपयांत आज दोन कप चहा आणि एक समोसा येतो.

त्या बाईचा फॉर्म मी उघडला, आणि गाडी सातबाऱ्यावर अडली. सातबारा सासऱ्याच्या नावावर. सासरे वारून सहा वर्षं झाली. वावर आठ एकर, पण त्यात तीन भाऊ. हिच्या नवऱ्याच्या वाट्याला तीन एकरही धड येत नाही. म्हणजे माणूस अल्पभूधारक, पण कागदावर तो शेतकरीच नाही! आणि बाई स्वतः निंदण-वेचणीला दुसऱ्याच्या वावरात जाते, पण मजूर म्हणून तिची कुठंच नोंद नाही. आयुष्यभर राबली, आणि पुरावा काय, तर हातावरचे घट्टे.

मी त्यांना वारस नोंदीचा अर्ज करून दिला. तिथंही नाट्य झालंच. वारसात सासऱ्याच्या दोन मुलींची नावं लावायची म्हटल्यावर मोठे दीर बिथरले. बाईनंच समजावलं त्यांना. कायद्यानं बहिणींची नावं येतात, ती लपवून केलेला कागद उद्या पोरीच्याच अंगाशी येईल, हे तिला एकदा सांगितल्यावर कळलं. आत्या दोघी सही करायला स्वतः आल्या, येताना भाचीसाठी चिवडा घेऊन आल्या. फेरफाराची नोटीस लागली. हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावं लागतं.

कॉलेज तर सुरू झालं. तोवर काय? आमच्या भिशीतल्या बायकांनी तीन महिन्यांच्या मेसचे पैसे काढले. बाई ते तसे घ्यायला तयार नव्हती. उसने म्हणून घेतले, वहीत लिहायला लावलं, खाली अंगठा नाही, सही केली. सही करायला लेकीनंच शिकवली म्हणे, दहावीत असताना. पोत अजून गळ्यात आहे आणि वावर अजून सातबाऱ्यावर बिनबोज्याचं आहे.

जाताना ती पिशवीत कागद नीट लावत होती. योजनेच्या कागदावर भाऊसाहेबांचं नाव होतं त्यावरून तिनं बोट फिरवलं. मग तिनं मला पापळ कुठं आलं ते विचारलं. मी सांगितलं, नांदगाव खंडेश्वरकडं, अमरावतीच्या पुढं नाही, अलीकडंच. तिच्या मावसबहिणीचं सासर त्याच भागातलं निघालं.

येत्या सोमवारी पंधरा दिवस पुरे होतात. सकाळच्या एसटीनं ती येणार आहे, आम्ही दोघी मिळून फॉर्म पुन्हा उघडणार आहोत. तिला सांगून ठेवलंय, डबा आणू नको, जेवायला इकडंच आहेस.